गळ्यातील गाठ आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक कोमारभच्च या वैद्याची एक हकीकत आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षे डोकेदुखीने ग्रासले होते. त्याच्या मस्तकावर शस्त्र चालविण्यापूर्वी जीवकाने त्याला विचारले की, नंतर एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहता येईल काय? श्रेष्ठीने होकार दिला. प्रत्यक्षात एकेका स्थितीत सात-सात दिवसच पुरले आणि एकवीस दिवसांत तो बरा झाला. मात्र आधी मोठे वचन घेतले नसते, तर तो तेवढे दिवसही पडून राहिला नसता, असे जीवकाने त्याला सांगितले. शस्त्रकर्मानंतर रुग्णाला काय पाळावे लागेल, याचा विचार शस्त्र उचलण्यापूर्वीच झाला पाहिजे, हे या कथेचे मर्म आहे. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेला ते आजही लागू पडते.

ग्रंथी आणि तिचे कार्य

थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढील भागात कंठमण्याच्या खाली असते. तिचा आकार फुलपाखरासारखा असून वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, पचन, मासिक पाळी आणि बालकाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकांवर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाद्वारे थायरॉईडवर नियंत्रण ठेवते. थायरॉईडचे काम मंदावले की टीएसएच वाढते. काम अति झाले की ते घटते.

या ग्रंथीत बिघाड दोन प्रकारचे होतात आणि त्यांची गल्लत झाल्यानेच अनेकदा निर्णय चुकतात. पहिला बिघाड कार्याचा. स्राव कमी पडला तर थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणे व पाळीच्या तक्रारी उद्भवतात. स्राव जास्त झाला तर धडधड, हातांना कंप, घाम, वजन घटणे व निद्रानाश ही लक्षणे दिसतात. दुसरा बिघाड रचनेचा, म्हणजे ग्रंथी सुजणे किंवा तिच्यात गाठ होणे. गाठ असूनही कार्य उत्तम असू शकते आणि गाठ नसतानाही कार्य पार मंदावलेले असू शकते.

पूर्वी गलगंडाचे मोठे कारण आयोडीनची उणीव हे होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध केला. १९६२ साली देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तथापि जुनी गाठ केवळ मीठ बदलल्याने विरघळत नाही.

इतिहासाने दिलेला धडा

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. जिच्यात पूर्वी मोठ्या संख्येने रुग्ण दगावत, तिच्यातील मृत्यूचे प्रमाण त्यांनी एक टक्क्याच्या खाली आणले. परंतु ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांची पुन्हा तपासणी केल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण सुस्त, सुजलेले व मंदबुद्धी झालेले आढळले. १८८३ साली कोखर यांनी हे निष्कर्ष जाहीर केले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबविले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथी गेल्यावर तिची उणीव बाहेरून भरून काढता येते, हे जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क वापरून दाखविले. आजची थायरॉक्सिनची गोळी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होय.

शस्त्रक्रिया केव्हा?

गळ्याला सूज दिसली तर प्रथम टीएसएचची रक्ततपासणी व गळ्याची सोनोग्राफी करावी. गाठ संशयास्पद वाटल्यास बारीक सुईने पेशी घेऊन तपासतात. सुईमुळे कर्करोग पसरतो, ही भीती बाळगून ही तपासणी टाळू नये. टीएसएच कमी असेल, तर गाठच अधिक स्राव करते आहे काय, हे पाहण्यासाठी आधी स्कॅन करतात. थायरॉईडच्या दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात.

शस्त्रक्रियेची कारणे मोजकी आहेत. कर्करोग असणे किंवा त्याचा सबळ संशय असणे. गाठीच्या दाबामुळे श्वास किंवा गिळणे अडणे. ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरणे. आणि अतिस्राव औषधांनी आटोक्यात न येणे किंवा औषधे न सोसणे. अतिस्रावावर किरणोत्सारी आयोडीन हाही प्रभावी उपाय आहे. मुंबईत परळ येथे १९६३ पासून कार्यरत असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात. गर्भवती व स्तनदा मातांना मात्र ते देत नाहीत. केवळ स्राव कमी असेल, तर शस्त्रक्रियेचे कारण नसते. तेथे गोळीच पुरते. लहान, निरुपद्रवी गाठीवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येते.

कोणती शस्त्रक्रिया आणि कोणते धोके?

गाठ एकाच बाजूला असेल तर ग्रंथीचा अर्धा भाग काढतात. उरलेला भाग बहुधा काम सांभाळतो; साधारण पाचांतील एका रुग्णाला पुढे गोळी लागते. दोन्ही बाजूंचा आजार, मोठा कर्करोग किंवा तीव्र अतिस्राव असेल तर संपूर्ण ग्रंथी काढतात. मग गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राच्या नसा जातात. त्यांना इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. ग्रंथीलगतच्या चार इवल्या परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियम राखतात. त्या दुखावल्यास ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, स्नायू आखडतात. पहिल्या दिवशी गळ्यात रक्तस्राव होऊन श्वास कोंडण्याचा संभव असतो, म्हणून रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवतात. अनुभवी हातांत यांतील कायमचे अपाय विरळ असतात. म्हणून शल्यचिकित्सकाला चार प्रश्न निःसंकोच विचारावेत: आपण अशा शस्त्रक्रिया नियमित करता काय? अर्धी ग्रंथी काढून भागेल काय? आवाजाची तपासणी आधी होणार काय? नंतर कोणत्या गोळ्या, किती काळ?

नंतरचे वचन

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासानंतर करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. गर्भधारणा होताच डॉक्टरांना कळवावे, कारण त्या काळात मात्रा वाढवावी लागते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणे हीच सर्वांत मोठी हानी होय.

आपल्या वस्त्यांत हा आजार स्त्रियांमध्ये अधिक दिसतो आणि तो झाकलाही जातो. लग्न ठरेपर्यंत मुलीच्या गळ्यावरची सूज ओढणीआड ठेवली जाते. सासरी नवी सून गोळी लपवून घेते आणि कधी कधी बंदच करते. कार्य नियंत्रणात असलेली स्त्री शिक्षण, नोकरी, संसार व मातृत्व यांत कोठेही उणी पडत नाही, हे पालकांनी निःशंकपणे सांगितले पाहिजे. या शाळेच्या वसतिगृहात आपण एका पंगतीत जेवलो, आजारी सोबत्याच्या उशाशी बसलो. तीच आस्था आता घरात दाखवावी. गळ्यावर सूज दिसलेल्या आपल्या मुलीला, बहिणीला किंवा आईला या महिन्यातच तपासणीस न्यावे आणि तिची गोळी घरातील सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावी.