दवाखान्याचा लॅपटॉप : जुना उच्च श्रेणीचा की नवा साधा?

देवास नगरीत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत शेजारी शेजारी नांदली. दवाखान्याच्या टेबलावर मात्र एकालाच जागा असते. ठरावीक रकमेत एकीकडे एखाद्या मोठ्या कंपनीने तीन-चार वर्षे वापरून बदललेला, मूळचा महागडा व भक्कम घडणीचा लॅपटॉप मिळतो. दुसरीकडे वॉरंटीसह नवा, पण साध्या घडणीचा. यांतून निवड कशी करावी, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक संगणकतज्ज्ञ नाही. चुकून शिकलेला एक वैद्यकीय व्यावसायिक आहे, इतकेच.

रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी लोहारदा येथील दवाखान्यासाठी मी असाच एक जुना, उच्च श्रेणीचा लॅपटॉप घेतला. पडदा सुरेख, कीबोर्ड उत्तम, किंमत निम्म्याहून कमी. रुग्णाची छाती आपण ज्या काळजीने तपासतो, तिच्या दशांश काळजीनेही मी ते यंत्र तपासले नाही. एका उन्हाळ्यात, विजेचा लपंडाव चालू असताना, एके सायंकाळी त्याची हार्ड डिस्क कायमची थांबली.

त्याच आठवड्यात हृदयात कृत्रिम झडप बसविलेला, वॉरफरिन घेणारा एक रुग्ण नाकातून रक्त येते म्हणून आला. त्याच्या आयएनआरच्या तीन वर्षांच्या नोंदी आणि वेळोवेळी बदललेली मात्रा केवळ त्या डिस्कवर होती. माझ्यापाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा त्याच्या पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्याच हस्ताक्षरातील जुन्या चिठ्ठ्या तारीखवार काढून टेबलावर ठेवल्या. त्यांवरून मात्रेचा क्रम लागला, रक्त तपासणीस गेले आणि प्रसंग निभावला. नोंदी जपण्याचे काम माझे होते. ते त्या माउलीने केले होते. लॅपटॉप निवडण्याचा विचार मी तेव्हापासून वेगळ्या रीतीने करू लागलो.

१. वय पुढचे मोजावे

जुने यंत्र किती वर्षांचे आहे, हे आपण विचारतो. ते आणखी किती वर्षे सुरक्षित राहील, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. वैयक्तिक ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक आहे. एएमडीच्या बाबतीत, काही अपवाद सोडल्यास, रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात.

म्हणजे सातव्या पिढीचे यंत्र कितीही देखणे आणि चालू स्थितीत असले, तरी रुग्णांच्या नोंदींसाठी ते त्याज्य समजावे. काही विक्रेते युक्तीने त्यावर विंडोज ११ चढवून देतात. परंतु अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आठवी पिढी ही किमान अट आहे. आज घ्यायचेच, तर दहावी-अकरावी पिढी पाहावी.

२. 'आय ७' या नावाला भुलू नये

विक्रेता 'आय ७ आहे' असे अभिमानाने सांगतो. त्या नावापुढील आकडा अधिक बोलका असतो. सातव्या पिढीतील आय ७-७५००यू या प्रोसेसरला दोनच कोअर होते. त्यानंतर आलेल्या आठव्या पिढीतील आय ५-८२५०यू ला चार. पदवी मोठी असूनही आधीचा मागे पडला. पुढील आकड्यावरून पिढी ओळखता येते : ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी.

३. नव्याचेही दोष पाहावेत

नवे म्हणजे निर्दोष, ही समजूतही बरोबर नाही. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये दोन कोअरचा सेलेरॉन, बोर्डावर कायमची जोडलेली ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी प्रकारची अल्प साठवण असते. असे यंत्र पहिल्याच वर्षी रेंगाळू लागते आणि ते सुधारताही येत नाही. याउलट व्यावसायिक श्रेणीच्या जुन्या यंत्रांपैकी अनेकांत रॅम, डिस्क व बॅटरी बदलता येते, बिजागऱ्या मजबूत असतात आणि पडदा चकाकत नाही. नवा घ्यायचा, तर किमान ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असल्याशिवाय घेऊ नये.

वॉरंटीचा अर्थही नीट वाचावा. घरी येऊन दुरुस्तीची सोय आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे. लोहारद्यासारख्या गावातून यंत्र इंदूरला नेऊन परत आणायचे, तर दवाखान्याचे दिवस मोडतात.

४. जुन्या यंत्राची तपासणी

(अ) पूर्ववृत्त : बिल मागावे. यंत्राच्या तळाचा अनुक्रमांक आणि बायोसमधील अनुक्रमांक एकच असावा. बायोसला पासवर्ड असेल किंवा चालू करताच एखाद्या परक्या संस्थेचे नाव येत असेल, तर ते यंत्र घेऊ नये.

(आ) बॅटरी : विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी दिसतात. आजची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. टचपॅड किंवा तळ फुगलेला दिसल्यास बॅटरी सुजली आहे असे समजावे. ती धोकादायक असते.

(इ) डिस्क : डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी माहिती राखते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. डिस्क किती तास चालली, हेही त्यात कळते. अहवाल चांगला असला तरी जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवावी, असा माझा आग्रह आहे.

(ई) श्रमचाचणी : अर्धा तास व्हिडिओ चालवून यंत्र किती तापते, पंखा किती ओरडतो, हे पाहावे. प्रत्येक कळ, प्रत्येक यूएसबी जागा व कॅमेरा तपासावा.

आपल्या भागातील उन्हाळ्याचा विचार येथे आवश्यक आहे. लिथियम बॅटरी उष्णतेत आणि सतत पूर्ण भारलेल्या स्थितीत लवकर झिजते. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते, ती वापरावी.

५. निर्णय

वरील तपासणी स्वतः किंवा जाणकाराकडून करवून घेता येत असेल, नवी एसएसडी व बॅटरी धरूनही खर्च नव्यापेक्षा बराच कमी येत असेल आणि दुरुस्ती करणारा हाताशी असेल, तर जुना उच्च श्रेणीचा लॅपटॉप घ्यावा. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर मध्यम दर्जाचा नवा घ्यावा. या दोन्हींपेक्षा वाईट पर्याय दोनच : न तपासलेला जुना आणि सर्वांत स्वस्त नवा.

मी स्वतः दुसऱ्यांदाही जुनाच घेतला. पण अकराव्या पिढीचा, तपासलेला आणि नव्या डिस्कचा. वाचलेल्या पैशांत दोन बाह्य हार्ड डिस्क आल्या.

६. नोंदींची जबाबदारी

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि अधिकृत मागणी आल्यास ७२ तासांत देणे आपले कर्तव्य आहे. नोंदींच्या संगणकीकरणाचा प्रयत्न करावा, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्याने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. 'डिस्क बिघडली' हे उत्तर रुग्णाच्या उपयोगाचे नाही.

म्हणून यंत्र कोणतेही असो, नोंदींच्या तीन प्रती असाव्यात : एक लॅपटॉपवर, एक दवाखान्यातील बाह्य डिस्कवर आणि एक दवाखान्याबाहेर. प्रती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या असाव्यात. महिन्यातून एकदा एखाद्या प्रतीतून एका रुग्णाची नोंद उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आणि न तपासलेला रुग्ण, दोघांविषयी 'ठीक आहे' असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणि रुग्णाच्या हाती कागदाची चिठ्ठी देणे थांबवू नये. त्या माउलीची पिशवी माझ्या लॅपटॉपपेक्षा अधिक विश्वासू ठरली, हे मी विसरलेलो नाही.