खराब दाणा माशालाही चालत नाही



पावसात भिजून काळा पडलेला मका किंवा वास मारणारी ढेप दिसली की आपल्याकडे ठरलेले वाक्य ऐकू येते, "टाकू नका, जनावराला चालेल." तळ्यात मासे पाळणारेही खराब दाणा असाच तळ्यात टाकतात. पण हे खरोखर चालते का?

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या ढेपेला बुरशी लागली होती. त्या बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत पाळलेल्या ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला. तेथे दोष निघाला सरकीच्या ढेपेत. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे.

ट्राउट फार नाजूक मासा आहे. आपले रोहू, कतला त्या मानाने काटक. ते लगेच मरत नाहीत, म्हणूनच फसगत होते. यकृत बिघडते, वाढ खुंटते आणि रोगाशी लढण्याची शक्ती कमी होते. मग मासे दुसऱ्याच रोगाने मरतात आणि आपण पाण्याला दोष देतो.

हे विष माणसालाही सोडत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल भागात पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. गाई-म्हशींनी असे खाद्य खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो. बुरशी झटकली, दाणा पुन्हा वाळवला किंवा शिजवला, तरी विष जात नाही. म्हणून बुरशी लागूच न देणे हाच खरा उपाय. दाणा कडक वाळवावा, पोती फळीवर व भिंतीपासून दूर ठेवावीत, ढेप गरजेपुरतीच आणावी.

आता एक प्रयोग. काचेच्या कोरड्या बाटलीत मक्याचे दाणे आणि थोडे कोरडे मीठ घालून काही मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर दाणा ओला आहे, साठवू नका. या प्रयोगाने ओल कळते, विष कळत नाही. त्यामुळे बुरशी दिसलेला दाणा मीठ न चिकटले तरी टाकूनच द्यावा.

प्रत्येकाने घरच्या मक्यावर हा प्रयोग करून वहीत नोंद करावी. पालकांनी तो मुलांसोबत पाहावा.