शॉर्टकटच्या शेपटीत दडलंय काय?

सेकंड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "सी मध्ये मेनच्या कंसात आर्गसी आणि आर्गव्ही कशाला लिहितात?" मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. (कॉन्व्हेंटने आणखी काही नाही तरी पाठांतर छान शिकवलं!) सर म्हणाले, "मग एखादा उपयोग सांग." माझी दातखीळ बसली. उत्तर तर रोज डेस्कटॉपवर समोर होतं.

आपण ज्यावर डबल क्लिक करतो तो शॉर्टकट म्हणजे प्रोग्रॅम नसतोच. ती नुसती चिठ्ठी असते, 'अमुक ठिकाणची फाइल चालू कर' एवढीच. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, 'टार्गेट'च्या चौकटीत तो पत्ता दिसेल. पत्त्यानंतर एक स्पेस सोडून आपण जे टाइप करू, ते प्रोग्रॅमला सुरू होतानाच मिळतं. यालाच कमांड लाइन पॅरामीटर म्हणतात. आर्गव्हीच्या शून्याव्या जागी सहसा प्रोग्रॅमचं नाव, पुढे आपले शब्द ओळीने, आणि आर्गसीमध्ये नाव धरून एकूण संख्या.

घोळ होतो तो डबल कोट्सचा. 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावात स्पेस आहे, म्हणून अख्खा पत्ता कोट्समध्ये असतो. पॅरामीटर लिहायचा तो कोट्स बंद झाल्यावर, बाहेर. आत लिहिलात तर विंडोज टार्गेट चुकलं म्हणून कुरकुर करतं. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. आणि हो, प्रयोग नेहमी शॉर्टकटच्या कॉपीवर करा.

क्रोमच्या पुढे दोन डॅश आणि त्यांना चिकटून इनकॉग्निटो लिहिलं की थेट खासगी खिडकी उघडते. एका पीसीवर तिघी असल्या की याची किंमत कळते. वर्ड उघडल्या उघडल्या बंद पडत असेल तर स्लॅश सेफ लिहून बघा, ते अॅड-इन बाजूला ठेवून सुरू होतं. नोटपॅडला फाइलचा पत्ता दिला की तीच फाइल उघडते.

एवढं जमल्यावर अंगात जरा शहाणपण आलं. रूममेटसाठी मी शटडाऊनचा शॉर्टकट केला: स्लॅश एस, म्हणजे बंद कर, स्लॅश टी आणि 3600, म्हणजे तासाभराने. डाउनलोड लावून ती खुशाल शेजारच्या रूमवर गेली. परत येऊन बघते तर पीसी बंद, आणि सेव्ह न केलेला संध्याकाळभराचा कोड गायब! सबमिशन दोन दिवसांवर. मला वाटलं होतं, विंडोज आधी 'सेव्ह करू का' विचारेल. नाही विचारत. टीची किंमत शून्यापेक्षा जास्त असली की स्लॅश एफ, म्हणजे जबरदस्तीने बंद करणं, न लिहिताच लागू होतं. हे मी आधी वाचायला हवं होतं.

पहाटे चारपर्यंत दोघींनी बसून तो कोड पुन्हा लिहिला. त्यातला पहिला तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी शेजारी आणखी एक शॉर्टकट ठेवला: शटडाऊन, स्लॅश ए. वेळ संपायच्या आत त्यावर क्लिक केलं की बंद होणं रद्द. 'चेंज आयकॉन'मधून त्याला सगळ्यात ठळक चित्र दिलंय. रूममेट मात्र अजूनही आधी कंट्रोल-एस दाबते, मगच माझ्या शॉर्टकटला हात लावते.