अवधान न टिकणारी मुले : औषधावाचून उपचाराचा विचार

वर्गात घटकाभरही स्वस्थ न बसणारे, रोज पेन्सिल हरवणारे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन मोकळे होणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. आपण त्यास द्वाड म्हणतो. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले व हा दोष केवळ वाईट वळणाचा नव्हे, असे सुचविले. आज वैद्यक त्यास अवधानन्यूनता व अतिचंचलता, संक्षेपाने ए.डी.एच.डी., म्हणते. यावर औषध द्यावे की देऊ नये, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

औषधाचा शोध योगायोगानेच लागला. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली ३० मुलांना बेन्झेड्रिन नामक उत्तेजक दिले, तेव्हा त्यांतील १४ मुलांचा अभ्यास विलक्षण सुधारला. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे, हे ऐकणारास उलटेच वाटते. परंतु त्या औषधाने मन आवरणारी मेंदूची शक्तीच जागी होते. पुढे १९४४ साली मेथिलफेनिडेट तयार झाले आणि आजही मुख्यतः तेच वापरले जाते. त्याने भूक व झोप कमी होते, उंचीची वाढ किंचित मंदावते. म्हणून पालक बिचकतात, व ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे हे औषध १९८५ च्या मादक पदार्थविषयक कायद्याखाली येत असल्याने तज्ज्ञाच्या चिठ्ठीविना मिळू नये, अशी व्यवस्था आहे.

या वादात एका प्रयोगाचा दाखला दोन्ही पक्ष देतात, तो नीट समजून घेणे अवश्य आहे. अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करण्यात आले. एकास काळजीपूर्वक औषध, दुसऱ्यास केवळ वर्तनशिक्षण, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्यास गावात मिळतील ते नेहमीचे उपचार. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १४ महिन्यांनी अवधानाच्या बाबतीत औषधाचे दोन गट पुढे होते. दोन्ही उपचार मिळालेल्या मुलांना औषधाची मात्राही कमी पुरली. परंतु त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या मर्जीने उपचार चालविले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांअखेरच्या पाहणीत गटागटांतील भेद उरला नव्हता. औषधाचे कैवारी १९९९ सांगतात, विरोधक २००७ सांगतात!

वर्तनशिक्षण म्हणजे त्या प्रयोगात काय होते, हे मात्र फार थोडे सांगतात. पालकांचे २७ सामूहिक व ८ वैयक्तिक वर्ग, उन्हाळ्यात मुलांसाठी आठ आठवड्यांचे दिवसभराचे शिबिर, आणि वर्गात काही आठवडे शिक्षकाच्या जोडीस एक साहाय्यक. औषधावाचून उपचार म्हणजे उपचारावाचून राहणे नव्हे. ते गोळीपेक्षा अधिक कष्टाचे काम आहे. गोळी नको म्हणून छडी उगारणारास हा पक्ष आपला म्हणण्याचा अधिकार नाही.

आता मसाटकडे वळू. येथे कारखान्यांची वस्ती. आई दिवसपाळीला, बाप रातपाळीला. अशा घराने ३५ वर्ग कोठून करावेत? म्हणून जे आपल्या हाती आहे ते तरी नेटाने केले पाहिजे.

प्रथम, मूल खरोखरच त्या विकाराचे आहे काय, हे पाहावे. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, सहा महिने टिकलेली असावीत, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत. मूल केवळ शाळेत चंचल आणि घरी वा मक्तबात तासभर एकाग्र, असे असेल तर दोष बहुधा शाळेत शोधावा लागेल! आपल्या भागात आणखी एक कारण हटकून आढळते. घरी भोजपुरी वा वारली बोलणारे मूल गुजराती किंवा मराठी वर्गात बसते. जे कळतच नाही तिकडे लक्ष कसे लागावे? कमी ऐकू येणे, अपुरी झोप, रक्तक्षय हीही तपासावीत.

सहा वर्षांखालील मुलास औषधाआधी पालकांना वर्तनाचे शिक्षण, ही अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे, आणि ती मला सर्वथा ग्राह्य वाटते. मोठ्या मुलासही हे द्यावेच : दारखिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, दहा गणिते एकदम न देता पाच-पाच, मध्येच खडू आणण्यासारखे एखादे काम, म्हणजे उठण्याची हौस रीतसर भागते. शाबासकी मात्र तत्काळ हवी. शनिवारी दिलेली सोमवारच्या कामाची शाबासकी या मुलास पोचत नाही. घरी निजण्याची वेळ ठरलेली असावी, व नियम दोन-तीनच असावेत, पण ते आईबाप दोघांनीही सारखेच पाळावेत.

इतके करून काही महिन्यांत फरक पडला नाही, मूल मागे पडू लागले, रस्त्यावर वाहनांपुढे धावू लागले, तर तज्ज्ञाने सुचविलेले औषध नाकारणे मला गैर वाटते. त्याऐवजी बाजारातील स्मरणशक्तीची चूर्णे देणे तर त्याहून गैर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या शेजारच्या पालघर येथे झाला. त्यात तपासावयाच्या विकारांत या विकाराचाही समावेश आहे, आणि शाळेत पथकाने वर्षातून एकदा यावे अशी योजना आहे. पथकाला मूल पाच मिनिटेच दिसते व त्या पाच मिनिटांत ते बहुधा शहाण्यासारखे उभे राहते. म्हणून शिक्षकाने व पालकाने रोज दोन ओळी लिहिलेली एक वही ठेवावी, आणि तपासणीच्या दिवशी ती मुलाच्या दप्तरात असावी.