काउंट किती आला?

आमच्या पतसंस्थेत सकाळी कॅश मोजायच्या आधी हल्ली माझा काउंट विचारला जातो. माझा आजार आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच प्लेटलेटना परकं समजते, त्यांना अँटीबॉडी चिकटवते आणि तशी खूण झालेली प्लेटलेट पाणथरीत गेली की गिळली जाते. एरवी प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, आमच्यात कधी कधी काही तासच. नॉर्मल काउंट दीड ते साडेचार लाख. आमच्यातले कितीतरी जण तीस-चाळीस हजारांवर नोकरीला जातात, लग्नात मिरवतात, भांडतातसुद्धा. हा आजार कुणाला लागत नाही आणि हा कॅन्सरही नाही, हे मला अजून हळदीकुंकवात समजावून सांगावं लागतं. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतल्या बाकांवर बसून जे पदरात पडलं, ते नव्याने या वाटेवर आलेल्यांसाठी लिहिते आहे.

१. आधी काच बघायला सांगा.

रक्त ज्या जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात तिच्यात गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या प्लेटलेट त्या रसायनात एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. मशिन गुठळी मोजत नाही, त्यामुळे धडधाकट माणसाचा काउंट पन्नास हजार येतो आणि घरात रडारड होते. अशा वेळी फिक्या निळ्या बुचाच्या नळीत पुन्हा रक्त घेतात, आणि काचेवर थेंब पसरून डोळ्यांनी बघतात.

आमच्या लॅबच्या मॅडमनी मला ती काच दाखवली होती. लालसर गोल पेशींची दाटी, मधे एखादी जांभळ्या केंद्राची पांढरी पेशी आणि प्लेटलेट म्हणजे जांभळी पूड. त्या एका वर्तुळात दहा-पंधरा दिसायला हव्या होत्या, माझ्या दोनच. पण त्या दोन्ही चांगल्या ठसठशीत. “मोठ्या आहेत म्हणजे ताज्या आहेत. तुमची अस्थिमज्जा झोपलेली नाही ताई, माल पाठवतेय,” मॅडम म्हणाल्या. त्या वाक्याने जो धीर आला तो पुढे कुठल्याच रिपोर्टने दिला नाही.

आयटीपी आहे असं थेट सांगणारी एकही टेस्ट नाही. एचआयव्ही, कावीळ सी, थायरॉइड, चालू असलेली औषधं असं एकेक वगळत डॉक्टर तिथे पोचतात. त्यामुळे टेस्टची यादी लांबली तर वैतागू नका. मज्जेची तपासणी मात्र प्रत्येकाला लागतेच असं नाही. ती सांगितली तर कशासाठी, हे विचारा.

२. प्लेटलेटच्या पिशव्यांमागे घर पळवू नका.

माझं निदान झालं ते डेंग्यूच्या मोसमात. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे एकच हुकूम, “एसडीपीची सोय करा.” एकाच दात्याकडून मशिनवर काढलेली ही पिशवी महाग असते. धाकटा भाऊ मित्रांना फोन करत रात्रभर फिरला. पिशवी चढली, आणि सकाळचा काउंट होता तिथेच. दुसरी चढली, तेच. बिलात मात्र दोन्ही आल्या.

कारण १९५० मध्येच एका माणसाने स्वतःवर करून दाखवलं होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्झ हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर शिकत होता. त्याला शंका की दोष प्लेटलेटमध्ये नसून रुग्णाच्या रक्तातल्या कशात तरी आहे. त्याने या आजाराच्या एका बाईचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याचा काउंट तळाला गेला, त्याला झटका आला, अंगावर डाग उठले. चार-पाच दिवसांत तो सावरला, आणि मग त्याचे सहकारी डॉक्टरही त्याच प्रयोगासाठी रांगेत उभे राहिले. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हे ऐकूनच दार लावून घेईल. पण रक्तातलं काहीतरीच प्लेटलेट मारतं हे त्या वेडेपणाने सिद्ध झालं. पुढे कळलं, ते काहीतरी म्हणजे अँटीबॉडी.

त्या जशा माझ्या प्लेटलेटना ओळखतात तशाच दात्याच्याही. जिवावर बेतणारा रक्तस्राव सुरू असेल तर पिशव्या देतात, सोबत स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनची सलाईनही. नुसता आकडा फुगवायला त्यांचा उपयोग नाही.

३. पपईची पानं, किवी, शेळीचं दूध.

डेंग्यूने प्लेटलेट हा शब्द घराघरांत पोचवला, आणि सोबत हे सगळं. डेंग्यूत ताप उतरला की काउंट आपोआप वर येतो, त्यामुळे त्या आठवड्यात पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीला श्रेय मिळतं. आमचा आजार वेगळा, त्याला असा ठरलेला आठवडा नाही. सासूबाई पानांचा रस घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना फोनवर समजावलं. किवी मी खाते. आवडतं म्हणून.

४. स्टिरॉइडला शेवटची तारीख हवी.

पहिलं औषध अजूनही तेच, स्वस्त आणि झटपट. बऱ्याच जणांचा काउंट आठवड्याभरात उडी मारतो. मग गोळी कमी केली की तो खाली, वाढवली की वर. या झोक्यावर वर्षानुवर्षं बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तोंड सुजलेलं, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ, रात्री दोन वाजता भूक. अमेरिकेच्या रक्ततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टिरॉइडचा पहिला कोर्स सहा आठवड्यांच्या आत आटोपायला सांगितलं आहे. “हे कधी बंद होणार, आणि नाही झालं तर पुढे काय?” हा प्रश्न पहिल्याच चिठ्ठीच्या वेळी विचारायचा. स्वतःच्या मनाने गोळी तोडायची मात्र नाही. शरीर आपलं स्टिरॉइड तयार करायचं विसरलेलं असतं, माणूस कोसळतो.

५. चहा की गोळी, वेळ ठरवा.

माझी सध्याची गोळी एल्ट्रोम्बोपॅग. ती अँटीबॉडीला हात लावत नाही, मज्जेला जास्त प्लेटलेट तयार करायला सांगते. यामागे एक गंमत आहे. मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी प्लेटलेट तयार करते, आणि तिला ‘बनव’ असं सांगणारा निरोप यकृतातून येतो. त्या निरोप्याचं नाव थ्रॉम्बोपोएटिन, तो १९९४ मध्ये सापडला. प्लेटलेट कमी झाल्या की तो रक्तात खूप वाढायला हवा. आयटीपीत तो वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे इतकी वर्षं जो आजार केवळ नासधुशीचा समजला जात होता, त्यात उत्पादनाचीही बोंब होती. अँटीबॉडी मज्जेतल्या प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत.

मग प्रयोगशाळेत थ्रॉम्बोपोएटिनसारखं प्रथिन बनवून टोचायचा प्रयत्न झाला, आणि तो अंगाशी आला. काही निरोगी स्वयंसेवकांच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या, त्या त्यांच्या स्वतःच्या थ्रॉम्बोपोएटिनवरही उलटल्या आणि त्यांच्याच प्लेटलेट घसरल्या. ते औषध सोडून द्यावं लागलं. नंतरच्या औषधांची रचना मुद्दामच मूळ प्रथिनाशी न जुळणारी ठेवली. काम तेच, रूप वेगळं. त्यातून २००८ मध्ये अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली, आठवड्याला टोचायचं रोमिप्लोस्टिम आणि ही गोळी. आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्यावर खर्च उतरला, तरी पगारदाराला जाणवेल इतका तो अजून आहेच.

आता चहा. ही गोळी कॅल्शियमला घट्ट धरून बसते आणि रक्तात जात नाही. दूध, दही, पनीर, ताक खाल्ल्यानंतर चार तास आणि त्याआधी दोन तास तिच्यासाठी राखून ठेवावे लागतात. आपल्या घरात दिवसातले असे सहा तास शोधून दाखवा! मी पहाटे उठून पाण्याबरोबर घेते, मग अंघोळ, पूजा, डबे, आणि दोन तास उलटल्यावर चहा. आणखी एक मेख अशी की स्टिरॉइडमुळे हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी त्याच डब्यात, त्याच सकाळच्या खान्यात असते. मला हे मेडिकलवाल्या पोराने सांगितलं, चिठ्ठीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या काही औषधांनाही हाच नियम. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते, आणि गोळी एकदम बंद केली तर काउंट पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकतो. गावाला जाताना चार गोळ्या जास्तीच्या घ्या.

६. पाणथरी काढायची घाई नको.

१९१६ मध्ये प्रागमधल्या काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ही कल्पना सुचवली आणि ती चालली. आजही साधारण तिघांत दोघांना त्याने दीर्घकाळ आराम पडतो, एवढं यश नव्या औषधांपैकी कुणाकडे क्वचितच आहे. पण काहींचा आजार पहिल्या वर्षात आपणहून निवळतो, म्हणून निदान वर्षभर थांबतात. काढायचीच ठरली तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस वगैरेंच्या लसी ऑपरेशनच्या आधी, आणि पुढे आयुष्यभर ताप आला की घरी बसायचं नाही.

७. आकड्यामागे धावताना थकवा मोजायचा राहतो.

माझा काउंट ऐंशी हजार होता तेव्हा मी जिना चढताना मधे बसत होते. तीस हजारांवर असताना एकदा कोल्हापूरला जाऊन अख्खी लग्नाची खरेदी केली. पतसंस्थेत सगळे आकड्यांची माणसं, त्यांना हे पटत नाही. ऐंशी हजार ऐकून साहेब म्हणाले, “मग आता काय प्रॉब्लेम आहे?”

थकवा हा या आजाराचाच भाग आहे हे आता डॉक्टर मान्य करतात. ब्रिटनमध्ये १२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच स्टिरॉइडला मायकोफेनोलेटची जोड दिली तर उपचार फसण्याचं प्रमाण ४४ वरून २२ टक्क्यांवर आलं. अर्ध्यावर! पण जोड दिलेल्यांनी थकवा आणि कामाची ताकद या बाबतीत जास्त तक्रारी नोंदवल्या. दोन्ही गोष्टी त्याच अभ्यासात आहेत, बातमीत मात्र पहिलीच येते.

तीस हजारांच्या वर काउंट असेल आणि रक्तस्राव नसेल किंवा अगदी किरकोळ असेल, तर मोठ्यांमध्ये बऱ्याचदा औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. मला हे पचायला वेळ लागला. “औषध नाही” म्हटलं की आपल्याला डॉक्टर बदलावासा वाटतो. आता मी वहीत आकड्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहिते. पाळीत किती पॅड लागले, हिरड्यांतून रक्त आलं का, दुपारी झोपावं लागलं का. डॉक्टर आधी तेच वाचतात.

८. बातमी वाचताना आपलं नाव त्यात आहे का ते बघा.

२०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं. प्रतिकारयंत्रणेत आपल्याच अवयवांवर चाल करून जाणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं. त्यांचा कारभार चालवणारं जनुक इतर दोघांनी २००१ मध्ये शोधलं. आयटीपीच्या रुग्णांत या आवरणाऱ्या पेशी कमी किंवा कमकुवत आढळतात, म्हणून मला तो पुरस्कार घरचा वाटला. त्यातून आमच्यासाठी गोळी मात्र अजून निघालेली नाही.

गोळी निघाली ती दुसऱ्या वाटेने. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत रिल्झाब्रुटिनिबला मान्यता मिळाली. अँटीबॉडी बनवणाऱ्या आणि प्लेटलेट गिळणाऱ्या, अशा दोन्ही पेशींना ते लगाम घालतं. आधीची औषधं करून थकलेल्या रुग्णांत टिकाऊ गुण आला तो शंभरात तेविसांना, खोटी गोळी घेतलेल्यांत एकालाही नाही. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे यश आहे. उरलेल्या सत्त्याहत्तरांत मी असू शकते, हे माझ्या दृष्टीने. जपानने २०२४ मध्ये एफगार्टिगिमॉडला मान्यता दिली, ते अँटीबॉडी रक्तातून लवकर बाहेर काढतं.

सगळ्यात जास्त फॉरवर्ड येतात ते कार-टी पेशींचे. जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या चमूने ल्युपस या आजारात रुग्णांच्याच टी पेशी काढून, बदलून परत दिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पाच रुग्णांत आजार निवळला आणि औषधं सुटली. ल्युपस आमचा चुलत आजार, त्यात प्लेटलेटही घसरतात, त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली भारतीय कार-टीही आहे, नेक्सकार-१९, मान्यता २०२३. पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. वहिनीने तो फॉरवर्ड पाठवून “मुंबईला दाखवून येऊ या” म्हटलं, तेव्हा मी तिला शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला.

९. पर्समधला कागद.

त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधी तो दाखवायचा. अंगदुखीला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, पॅरासिटामॉल चालतं. स्नायूत टोचायची इंजेक्शनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. तोंडात आतून रक्ताचे फोड आले, लघवी लाल झाली किंवा शौच काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. डोक्याला मार बसला, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर वाटेत लॅबला थांबून काउंट करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. रक्त तिथे घेतात.