घटक ५ : निवडणुकीची परिभाषा – देशाची निवडणूक आणि शहरातील प्रभाग

५.१ प्रास्ताविक

प्रशासनाची परिभाषा ही केवळ पाठ करावयाची शब्दसूची नव्हे. नागरिकाचा हक्क तिच्यावर अवलंबून असतो. या घटकात हे आपण नेवासा या शहराच्या उदाहरणावरून पाहणार आहोत. शके १२१२ मध्ये याच ठिकाणी ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगितला. म्हणून आजची शासकीय मराठी लोकांना कितपत कळते, हा प्रश्न येथून विचारणे उचित ठरते.

५.२ एक मतदार, अनेक सीमा

नेवाशाचा रहिवासी अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो. परंतु लोकसभेसाठी तो शिर्डी मतदारसंघात मत देतो. २००८ च्या पुनर्रचनेनुसार अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ तयार झाला. १३ मे २०२४ रोजी येथे मतदान झाले, तेव्हा जिल्ह्याचे तत्कालीन नाव धारण करणारा अहमदनगर मतदारसंघ वेगळाच होता. शहराच्या कारभारासाठी नगरपंचायत आहे आणि तिच्या निवडणुकीसाठी प्रभाग आहेत. ‘जिल्हा’, ‘मतदारसंघ’ आणि ‘प्रभाग’ हे तिन्ही शब्द भूभागवाचक आहेत. मात्र त्यांच्या सीमा एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

५.३ शब्दांची घडण

‘निवडणूक’ हा शब्द ‘निवडणे’ या क्रियापदाला ‘-णूक’ प्रत्यय लागून झाला आहे; ‘वागणूक’, ‘मिरवणूक’ हे शब्द असेच घडले. धान्य निवडणारे हात या शब्दामागे दिसतात. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. ‘खासदार’ आणि ‘आमदार’ यांत ‘खास’ व ‘आम’ हे अरबी शब्द असून ‘-दार’ हा फारसी प्रत्यय ‘धारण करणारा’ असा अर्थ देतो. हिंदीत ‘सांसद’, ‘विधायक’ रूढ झाले. मराठीने मात्र ही जुनी घडण राखली. ‘मतदार’ या शब्दात संस्कृत ‘मत’ आणि फारसी ‘-दार’ एकत्र आले आहेत. म्हणजे मतदारही धारण करणाराच आहे. याउलट प्रभागाच्या प्रतिनिधीला आपण ‘नगरसेवक’ म्हणतो.

५.४ जोडणारा दुवा : मतदारयादी

लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर नगरपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. संस्था दोन असल्या, तरी पाया एकच आहे. राज्य आयोग स्वतंत्रपणे नावे नोंदवीत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागली जाते. म्हणून विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव प्रभागाच्या यादीतही येत नाही. दिल्लीच्या निवडणुकीच्या वेळी दुर्लक्षिलेली नोंद अशा रीतीने गल्लीतील नळ आणि गटार यांविषयीच्या मतालाही मुकवते.

विभागणीनंतर ‘प्रारूप प्रभागनिहाय मतदारयादी’ प्रसिद्ध होते आणि ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. ‘प्रारूप’ म्हणजे कच्चा मसुदा, दुरुस्तीस अद्याप वाव असलेला. हा अर्थ न कळल्यास वाचक यादी अंतिम समजून परत जातो आणि मुदत संपते. नाव चुकीच्या प्रभागात गेले असल्यास हरकत याच टप्प्यावर घ्यावयाची असते. नवे नाव नोंदविण्यासाठी मात्र मूळ यादीकडे, म्हणजे ‘नमुना ६’ कडे, जावे लागते. बोलीत आपण ‘वॉर्ड’ म्हणतो आणि सूचनाफलकावर ‘प्रभाग’ लिहिलेले असते. एवढ्या अंतरानेही एखादा वाचक अडखळतो.

५.५ समारोप

परिभाषा अचूक असावी लागते, हे खरे. परंतु ती ज्याच्यासाठी आहे त्याला कळली, तरच तिचे प्रयोजन सिद्ध होते. आपण मराठीचे पदवीधर होणार आहात. घरच्या वा शेजारच्या माणसाला अशी सूचना समजावून देणे, हाही आपल्या अभ्यासाचाच भाग माना.

स्वाध्याय

१. ‘मतदार’ व ‘नगरसेवक’ या शब्दांची घडण स्पष्ट करून त्यांतून सूचित होणारे नाते सांगा.
२. आपला जिल्हा, लोकसभा मतदारसंघ, विधानसभा मतदारसंघ आणि प्रभाग वा ग्रामपंचायत यांची नावे लिहा. कोणत्या सीमा जुळत नाहीत, ते नोंदवा.
३. आपल्या परिसरातील एखादी निवडणूकविषयक सूचना मिळवून ती सुबोध मराठीत पुन्हा लिहा.