एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ

मराठी विभागासाठी लेख द्यायचा ठरलं तेव्हा पाऊस, मैत्री, कट्टा आणि पहिलं प्रेम हे सगळे विषय आधीच पळवले गेले होते. माझ्या वाट्याला उरला तो जुलाब! हसू नका. होस्टेलच्या चार वर्षांत प्रेम प्रत्येकालाच होतं असं नाही, पण जुलाब होतातच. आणि त्या वेळी काय करायचं हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. रविवारी संध्याकाळी माझ्या रूम पार्टनरच्या पोटात मुरडा सुरू झाला. (नाव छापायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे.) कारण शनिवारची पाणीपुरी होती की आणखी काही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री बारापर्यंत सहा-सात वेळा झालं. दोनदा उलटीही झाली. सकाळी दहाला त्याची व्हायवा होती. मग आमच्या विंगमधले सगळे 'डॉक्टर' जमले. एकाने कपाटातून जुलाब बांधणारी गोळी काढून दिली. दुसरा म्हणाला, "पाणी पिऊ नकोस रे, प्यायलास की लगेच पळावं लागतं." आणि मी हुशारी करून एका ग्लासात ग्लुकोज पावडरचे चार मोठे चमचे ढवळून त्याला पाजले. आपण मित्राला वाचवतोय, अशीच आमची समजूत होती.

सकाळी शर्ट इन करून तो जिन्यापर्यंत गेला आणि कठडा धरून तिथेच खाली बसला. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. विचारलं तर म्हणाला, "रात्रीपासून लघवीलाच झाली नाही." तेव्हा मात्र आमची तंतरली. रेक्टर सरांनी रिक्षा बोलावली आणि आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, हळूहळू बसली. त्यांनी आमच्याकडे वळून एकच प्रश्न विचारला, "याचं पाणी कोणी बंद केलं?" आम्ही तिघेही फरशीकडे बघत राहिलो.

सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत गडी उठून बसला. (व्हायवा नंतर झाली. ती कशी झाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पण मॅडमनी त्या दिवशी जे समजावलं, ते इंजिनिअरिंगच्या भाषेत तुम्हाला सांगायचं म्हणून हा खटाटोप.

आपल्या आतड्यात रोज साधारण आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला जेमतेम दोन लिटर आपण खाल्ल्याप्यालेला, बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे शरीरानेच सोडलेला. यातला जवळजवळ सगळा द्रव आतडं परत शोषून घेतं. बाहेर पडतो फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. जुलाबात हा हिशोब बिघडतो. आत येणं वाढतं, शोषण घटतं आणि पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम हे क्षारही वाहून जातात. पहिल्या वर्षाला शिकलेला मास बॅलन्स आठवा. आउटपुट जास्त आणि इनपुट आपणच बंद केलेलं, म्हणजे टाकी रिकामी होणारच. जुलाबात माणूस बहुतेक वेळा दगावतो तो या रिकाम्या टाकीमुळे.

मग नुसतं पाणी का पुरत नाही? कारण गेलेले क्षार त्यात नसतात, आणि आतड्यातून पाणी शरीरात जातं ते क्षारांच्या मागोमाग. आतड्याच्या पेशींवर एक झकास यंत्रणा आहे. ती सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत ओढते आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप येतं. सोडियम-ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली. गंमत अशी, की कॉलऱ्यातसुद्धा हे दार उघडंच असतं. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही हवीत, आणि तीही योग्य प्रमाणात. साखर फार झाली तर ऑस्मोसिस उलटा चालतो, शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणजे माझ्या चार चमचे ग्लुकोजनं नेमकं काय केलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

हे ज्ञान कामी आलं ते १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं तयार करून घेतली, ते मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. आई, भाऊ, शेजारी यांनी पेल्याने पाजून हे घडवलं. २०२२ मध्ये डॉक्टर वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांचं नाव मी तरी त्या सोमवारपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

आता रूमवर काय करायचं ते नीट वाचा.

मेडिकलमधून ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं पाकीट आणा. त्यावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलंय का ते बघा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं पाकीट एकदम विरघळवा. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या. खोक्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं आणि कोल्ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे.

रात्री दोन वाजता मेडिकल बंद असतं. तेव्हा एक लिटरच्या बाटलीत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मेसचा जेवणाचा मोठा चमचा वापरू नका! चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पाकीट आणाच. तयार केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

दर जुलाबामागे एक-दोन ग्लास घोटघोट प्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. उपास करू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं चालतं. मेसच्या मामांना सांगितलं तर ते वेगळी खिचडी लावून देतात, हा माझा अनुभव आहे. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. ताप किंवा रक्त असताना जुलाब बांधणारी गोळी तर नाहीच. ज्याला किडनीचा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह आहे, त्याने सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं.

आणि घरगुती उपाय कुठे थांबवायचे? शौचात रक्त, जोराचा ताप, पोटात असह्य दुखणं, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहताच चक्कर, गुंगी किंवा भाताच्या पेजेसारखे सारखे जुलाब, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तरीही. व्हायवा, सबमिशन, क्रिकेटची मॅच सगळं नंतर. आणि सोबत कोणीतरी जाच.

आमच्या रूमच्या भिंतीवर आता टाइमटेबलशेजारी एक कागद आहे. या लेखाचं शीर्षकच त्यावर लिहिलंय. मागच्या महिन्यात खालच्या विंगमधला फर्स्ट इयरचा एक मुलगा रात्री दीड वाजता पोट धरून आमच्या दारात आला. मी उठायच्या आत पार्टनर बाटली घेऊन पाण्याच्या कुलरकडे निघालाही होता. सकाळपर्यंत तो त्या मुलाच्या कॉटवर बसून अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारत होता, "लघवीला झाली का रे?"

मुलगा आठच्या लेक्चरला गेला नाही. पण दुपारी मेसमध्ये खिचडी खाताना दिसला.